एका ओळीचं कारण

त्या घरात ड्रायव्हरविषयी तोंडानं बोलायची मुभा नव्हती. जे काय बोलायचं ते लिस्टवर.

ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात तिथं, यंत्राच्या एकेका भागाशी बोलणारा एकेक छोटा प्रोग्राम बसलेला असतो. पडद्याचा वेगळा, कळफलकाचा वेगळा, नेटवर्क कार्डाचा वेगळा. सासऱ्यांकडे होता तो एका नेटवर्क कार्डाचा. तरुणपणी त्यांनीच तो लिहिला, जगाला फुकट वाटला, आणि तेव्हापासून त्याचे मेंटेनर, म्हणजे राखणदार, तेच. जगात कुणालाही त्यातलं एक अक्षर बदलायचं असेल, तर तो बदल पॅच म्हणून लिस्टवर पाठवायचा आणि सासरे ‘घेतला’ म्हणाले तरच तो आत जायचा. लिस्ट म्हणजे देशोदेशीच्या चार-पाचशे लोकांचा ईमेलवरचा गोतावळा. तिथं एकानं लिहिलेलं सगळ्यांना दिसतं, आणि एकदा लिहिलेलं कधीच पुसलं जात नाही.

सून त्याच कामातली. तिची खोली आणि सासऱ्यांची खोली यांच्या मधोमध सासूबाईंची खोली, जिथं त्या शिलाई मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करत आणि झग्यांना चेन लावत. दोन्ही बाजूंच्या दारांतून त्यांना कळफलकांची टकटक ऐकू येई. एकीकडची थांबली की दुसरीकडची सुरू.

“भांडताय की काम करताय, एवढं तरी सांगा,” त्या म्हणत. “म्हणजे चहा दोघांना एकत्र द्यायचा की वेगवेगळा, ते ठरवते.”

सासऱ्यांचं म्हणणं असं, की स्वयंपाकघरात ठरलेला बदल पुढं कुणाला कळत नाही, कुणी केला आणि का केला. सून लग्न होऊन आली तेव्हा नव्या नवलाईत एकदा जेवताना म्हणाली होती, “बाबा, तो मेमरीचा हिशेब मी जरा वेगळा करून बघू का?” सासऱ्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “लिस्टवर लिही.” मग त्यांनी वाढायला भाजी मागितली. विषय संपला.

लग्नसुद्धा तसंच जमलेलं. पोरगी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, तिचा पहिलावहिला पॅच यांनी पाच-सहा वेळा परत पाठवला. कधी रिकामी जागा जास्त, कधी नाव लांबलचक, कधी नुसतंच ‘कारण नीट लिहा’. ती दर वेळी शांतपणे सुधारून पुन्हा पाठवायची. सासऱ्यांनी घरात येऊन जाहीर केलं, “एवढं परत करूनही न चिडणारी मुलगी आहे. आपल्या चिरंजीवांच्या ओळखीची निघते का बघा.” ती निघाली नाही, पण ओळख करून देण्यात आली. चिरंजीव जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. त्यामुळं घरात खऱ्या अर्थानं नांदली ती सासऱ्यांच्या आणि सासूबाईंच्याच संगतीत, आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

‘कारण लिहा’ हा सासऱ्यांचा ठेकाच होता. “काय केलंस ते मला दिसतंय. का केलंस ते लिही,” हे त्यांचं वाक्य लिस्टवर इतकं गाजलं होतं, की नवी माणसं पॅच पाठवण्याआधी एकमेकांना बजावत, कारण लिहिलंस ना? नाहीतर म्हातारा कान धरेल. त्यांच्या हाताखालून गेलेली चाळिशीतली माणसं आपापल्या ठिकाणी आता मोठी झाली होती, आणि तीही कारण लिहिल्याशिवाय काही करत नसत. एका माणसानं एवढं जरी मागं ठेवलं तरी पुष्कळ झालं, असं मला वाटतं.

तर त्या वर्षी सुनेच्या कंपनीनं तिला एक काम दिलं. कंपनीच्या गोदामात माहिती साठवणारी यंत्रं होती, त्या यंत्रांत नेमकं हेच कार्ड, आणि ते मंद चालत होतं. वेग वाढवा. सुनेनं ड्रायव्हर उघडला. फाईलच्या डोक्यावरच मेंटेनर म्हणून सासऱ्यांचं नाव. ती हसली आणि कामाला लागली.

जुनी रीत अशी होती, की बाहेरून माहितीचं एकेक पाकीट आलं की कार्ड प्रोसेसरला घंटा वाजवून बोलवायचं. पाकीट आलं, घंटा. दुसरं आलं, पुन्हा घंटा. दाराशी सारखी बेल वाजत राहिली तर घरातल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही, तशी प्रोसेसरची गत. सुनेनं पहिल्या पॅचमध्ये ती रीत बदलली. पहिली घंटा वाजली की घंटा बंद करायची, तोवर जेवढी पाकिटं जमली असतील तेवढी सगळी एकदम उचलायची, टोपली रिकामी झाली की घंटा पुन्हा चालू. दुसऱ्या पॅचमध्ये दर पाकिटामागं नवी जागा मागायची ती बंद करून जुनीच जागा पुन्हापुन्हा वापरली. वेग असा वाढला, की तिनं मोजमाप तीनदा करून बघितलं. सासऱ्यांनी चार शंका काढल्या, दोन ठिकाणी सुधारायला लावलं आणि दोन्ही पॅच घेतले. त्या दिवशी जेवताना सुनेच्या ताटात पापुद्रा आलेली, तिला आवडणारी पोळी त्यांनी स्वतः उचलून वाढली. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे आज भांडण नव्हतं.”

अडलं ते तिसऱ्या पॅचवर.

जुन्या रीतीतही एकेक पाकीट उचलण्यापुरती घंटा बंद होई, आणि तेव्हापासून ड्रायव्हरमध्ये एक ओळ होती. घंटा बंद करायचा हुकूम कार्डाला पाठवला, की लगेच कार्डाकडून एक आकडा वाचून घ्यायचा. त्या आकड्याचं पुढं काहीच करायचं नाही. वाचायचा आणि टाकून द्यायचा. पण कार्डाकडून उत्तर येईपर्यंत प्रोसेसर ताटकळत उभा राहतो, आणि हे दर घंटेला. सुनेनं ती ओळ काढून बघितली तर वेग आणखी चांगलाच वाढला आणि काहीही बिघडलं नाही. मात्र ओळीच्या वर सासऱ्यांच्याच हातची सूचना होती: ‘ही ओळ काढू नये.’ पुढं काही नाही. जगाला कारण लिहायला लावणाऱ्या माणसानं नेमकं इथं कारण लिहिलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं सुनेच्या मनात आलं आणि तिची तिलाच गंमत वाटली.

तिनं ती ओळ काढणारा पॅच पाठवला. उत्तर आलं, ‘नको.’

तिनं नम्रपणे विचारलं, का?

‘आहे ते बरं आहे.’

ती उत्तराकडं बघत बसली. ‘आहे ते बरं आहे’ असं दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, तर सासऱ्यांनी त्याची सालटी काढली असती.

मग तिला मागचंही एकेक दिसायला लागलं. दुसऱ्या पॅचच्या वेळी त्यांनी एक शंका विचारली होती, तिनं खुलासा केला होता, त्यांनी ‘ठीक’ म्हटलं होतं. पुढच्या आठवड्यात तीच शंका, जवळजवळ त्याच शब्दांत. तेव्हा तिला वाटलं होतं, परीक्षा घेतायत. तिनं खुलासा पुन्हा लिहिला होता, जणू पहिल्यांदाच लिहितेय. आता तिनं लिस्टवरचे मागचे महिने चाळले. दुसऱ्या लोकांनाही त्यांनी तेच ते दोनदा विचारलं होतं, आणि त्या लोकांनीही मुकाट्यानं दोनदा उत्तरं दिली होती. कुणीही काही म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून कानाडोळा चालवला होता.

ती उठून मधल्या खोलीत गेली आणि सासूबाईंच्या शेजारी उसवायला ठेवलेला एक कोट घेऊन बसली.

“आई, बाबा हल्ली विसरतात का हो?”

सासूबाईंनी मशीन थांबवलं नाही. “कोण विसरत नाही? मी परवा कात्री गळ्यात असून घरभर शोधली.”

“तसं नाही.”

“तसं नाही, ते कळलं मला.” शिवण टोकापर्यंत गेली, त्यांनी दोरा तोडला. “महिनाभरापूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानातून येताना रस्ता चुकले. मला म्हणाले, फिरायला गेलो होतो. पायात घरातल्या चपला, आणि म्हणे फिरायला. मी बरं म्हटलं. ते स्वतःहून बोलत नाहीत तोवर मी कसं बोलू? या माणसानं आयुष्यात नाकावर माशी बसू दिली नाही.”

“आणि मी काय करू?”

“तू कोट नीट उसव. अस्तर फाडतेयस.”

इकडं लिस्टवर प्रकरण तापायला लागलं होतं. लिस्टवर एक गृहस्थ होते, दूरच्या कुठल्या तरी शहरातले, ज्यांना सगळे कात्री म्हणत. दिसेल ते कापायचं, कोड जितका लहान तितका चांगला, हा त्यांचा बाणा. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नाही. त्यांनी लिहिलं, ‘मोजमापं स्पष्ट आहेत. ओळ निरुपयोगी आहे. ज्यांनी आम्हाला जन्मभर कारण लिहायला लावलं त्यांनी आता कारण लिहावं, नाहीतर ओळ जाऊ द्यावी. आणि मेंटेनर थकले असतील, तर तसं सांगावं. ड्रायव्हर सांभाळायला सूनबाई समर्थ दिसतात.’

सासऱ्यांनी त्यावर उत्तर दिलं नाही. दिवसभर त्यांच्या खोलीतून टकटक ऐकू येई आणि थांबे, ऐकू येई आणि थांबे. लिस्टवर मात्र काहीच येत नव्हतं. जेवायला बसले तर नुसते कालवत राहिले.

सुनेला मेंटेनर व्हायची हौस नव्हती असं नाही. कुणाला नसते? पण ती अशी, चारशे लोकांसमोर म्हाताऱ्याला तोंडघशी पाडून नको होती. तिला पक्कं ठाऊक होतं, की सासऱ्यांनी उगाच काही लिहिलं नसणार. कारण आहे, फक्त ते त्यांच्या हाती लागत नाहीये. ते आपण शोधून त्यांच्या हातात ठेवलं, तर त्यांची मान ताठ राहील आणि बाकीचं पुढं घरातल्या घरात बघता येईल. भाबडा बेत होता, पण माणूस आपल्या माणसासाठी असेच बेत करतो.

माळ्यावरच्या खोक्यात सासऱ्यांची जुनी कार्डं होती. अगदी पहिल्या बनावटीचंही एक सापडलं, पिवळं पडलेलं. तिनं ते एका जुन्या संगणकात बसवलं. घरात मोकळा कोपरा तेवढा मधल्या खोलीतच होता, म्हणून तो संगणक सासूबाईंच्या इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवला. शेजारी दुसरा संगणक, ज्याचं काम एवढंच, की पहिल्यावर पाकिटांचा अखंड मारा करायचा. ड्रायव्हरमधून ती ओळ काढली आणि मारा चालू केला.

दिवस गेला. काही झालं नाही. तिनं मारा वाढवला. दोन्ही बाजूंनी मारा केला. पाकिटं लहान केली, मोठी केली. पिवळं कार्ड निमूटपणे सगळं गिळत होतं. या कामातली माणसं वेग वाढवायला बसली की सगळ्यात जोराचा मारा करून बघतात, कारण भार आला की जे तुटायचं ते तुटतं अशी त्यांची समजूत असते. सूनही त्यातलीच. भाराखाली कार्ड टिकतंय म्हटल्यावर ओळ खरंच निरुपयोगी असावी असं तिला वाटायला लागलं, आणि तिचं मन खट्टू झालं. म्हणजे बाबांनी खरंच उगाच लिहिलं होतं?

पुढच्या दुपारी ती बाहेरून आली तर मारा करणारा संगणक बंद.

“आई, याची वायर कुणी काढली?”

“मी. इस्त्रीला जागा कुठाय? एकाच भोकावर तुम्ही दोन-दोन यंत्रं लावायची, आणि मी काय श्वासानं कपडे गरम करू? तो काळा काढलाय, पांढरा चालू ठेवलाय.”

सासूबाईंचं बरोबरच होतं. सुनेनं पांढऱ्या, म्हणजे पिवळं कार्ड बसवलेल्या, संगणकाचा पडदा चालू केला. तो चालू होता, पण नेटवर्क मेलेलं. कार्डावरचा हिरवा दिवा लागलेला, तार जागेवर, आणि तरी एक पाकीट आत येत नव्हतं. तिनं ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला, तर सुरू. ती तिथंच जमिनीवर मांडी घालून बसली. या वेळी मारा नव्हता. घरातल्या राउटरनं अधूनमधून ‘आहेस का?’ म्हणून पाठवलेलं एखादं पाकीट, बस्स. तेवढ्यावर कार्ड पुन्हा मेलं, तिच्या डोळ्यांदेखत.

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मारा चालू असताना उचलायला खूप पाकिटं असतात. ‘घंटा बंद’ आणि ‘घंटा चालू’ या दोन हुकमांच्या मध्ये भरपूर वेळ जातो. पण एकटंदुकटं पाकीट आलं, की ते उचलायला क्षणही लागत नाही. ‘बंद’ वाटेत रेंगाळलेलं असतानाच मागून ‘चालू’ येऊन त्याला भिडतं. नवी कार्डं ते निभावून नेतात. हे पहिल्या बनावटीचं कार्ड गोंधळतं, बंद तेवढं ऐकतं आणि चालू गिळून टाकतं. मग घंटा कायमची मुकी. मधे आकडा वाचला, की उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं, पहिला हुकूम पोचतो आणि दोघांची टक्कर होत नाही. सासऱ्यांनी ती ओळ वेगासाठी घातलीच नव्हती. ज्या यंत्राशी दिवसभर कुणी फारसं बोलत नाही, ते कधी मध्येच मरू नये म्हणून घातली होती.

“आई!” ती ओरडली. “तुमच्या इस्त्रीनं सापडलं!”

“बरं झालं. आता तो बोर्ड तरी वेगळा घे.”

सून तडक सासऱ्यांच्या खोलीत गेली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कामाचं बोलायला म्हणून ती त्या दारातून आत शिरत होती. सासरे खुर्चीत बसून होते, समोर अर्धवट लिहिलेला मेल.

“बाबा, तुमची ओळ बरोबर आहे,” तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पिवळं कार्ड, दोन हुकूम, मुकी घंटा. “नव्या कार्डांना ती नको, पहिल्या बनावटीला पाहिजेच. दोघांना वेगळं करायचं एवढंच. हे तुम्ही लिस्टवर लिहून टाका. ओळ तुमची आहे, कारणही तुमचंच.”

सासऱ्यांनी मान हलवली. “हो. तेच. तेच होतं ते.”

“आठवलं ना?”

“हो, हो.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “कुठलं कार्ड म्हणालीस?”

“पिवळं. माळ्यावरचं.”

“माळ्यावर आहे होय अजून?” ते म्हणाले, आणि तिच्याकडं बघून हसले, अनोळखी माणसाशी आदबीनं हसावं तसं. सुनेला रडू कोसळेल असं वाटलं. “लिहितो मी,” ते म्हणाले. “जा तू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लिस्टवर त्यांचे दोन मेल होते.

पहिल्यात लिहिलं होतं: ‘ही ओळ मी घातली. का घातली ते मला आठवत नव्हतं, म्हणून मी नुसतं नको म्हणत राहिलो. ते चुकीचं होतं. कारण माझ्या सुनेनं प्रयोग करून शोधलं, खाली सविस्तर देतो. तिनं ते मला तोंडी सांगितलं, मी माझं म्हणून लिहावं यासाठी. तसं करणं मला जमणार नाही. शोधणाऱ्याचं नाव लिहायचं असतं.’

दुसरा मेल म्हणजे एक पॅच होता. दोनच ओळींचा. फाईलच्या डोक्यावरची मेंटेनरची ओळ काढलेली, आणि तिथं सुनेचं नाव. खाली कारण: ‘मला हल्ली गोष्टी आठवत नाहीत. आधी वाटलं थकवा असेल. पण तीच शंका मी तुम्हाला दोनदा विचारतो, आणि तुम्ही दोनदा उत्तर देता, हे जुने मेल वाचताना माझ्या लक्षात आलं. त्याबद्दल तुमचे आभार. ज्याला कारणं आठवत नाहीत त्यानं राखण करू नये.’

सुनेनं दोन्ही मेल पुन्हा पहिल्यापासून वाचले. मधल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, “काय गं, आज दोन्हीकडं सामसूम?”

तिनं लॅपटॉप उचलला, मधल्या खोलीत नेला आणि दोन्ही मेल त्यांना वाचून दाखवले. लपवण्यात आता काही अर्थ नव्हता. जगानं ते वाचलं होतं.

सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. हातातली पँट मशीनवर तशीच होती, अर्धी दुमडलेली.

“किती लोक असतात म्हणालीस त्या लिस्टवर?”

“चारशे. पाचशे असतील.”

“पाचशे लोकांना सांगितलं,” त्या म्हणाल्या. “मी इथं दहा पावलांवर बसलेय. मला सांगायला काय झालं होतं?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. मग त्यांनी पँट सरळ केली आणि मशीन पुन्हा चालू केलं, फार जोरात.

लिस्टवर उत्तरं यायला लागली होती. कात्रींनी लिहिलं होतं, ‘मी जे बोललो ते मागं घेतो. ते पुसता येत नाही, त्याचं मला वाईट वाटतं.’ बाकीच्यांनी काय काय लिहिलं होतं, ते सुनेनं वाचलं नाही. सगळे आता तिच्या उत्तराची वाट बघत होते. नव्या मेंटेनरनं ‘घेतला’ म्हणायचं होतं. तिनं उत्तर लिहायला घेतलं, दोन शब्द लिहिले, खोडले, आणि उठून सासऱ्यांच्या दाराशी गेली.

“बाबा, तुमचा पॅच मिळाला.”

“मग घे.”

“घेता येत नाही.”

त्यांनी वळून बघितलं. या बाबतीत मात्र त्यांची नजर अजून पूर्वीसारखीच तीक्ष्ण होती. “का?”

“कारण लिहिलंय, पण तपासणी कुठाय? आठवत नाही, म्हणजे किती? कशानं? वाढणारं आहे की औषधानं थांबणारं? झोपेचं आहे, रक्ताचं आहे, की आणखी कशाचं? डॉक्टरांकडं गेला होतात का?”

सासऱ्यांनी कळफलक थोडा पुढं सारला.

“नाही ना? मग हा नुसता अंदाज झाला. अंदाजावर तुम्ही माझा एक तरी पॅच घेतला होतात का?”

ते टेबलाकडं बघत म्हणाले, “भीती वाटते गं.” घरात कुणीही त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. “लिहिताना नाही वाटली. लिहून टाकलं. पण डॉक्टर समोर बसून नाव सांगणार, मग ते खरं होणार.”

“मलाही भीती वाटते,” सून म्हणाली. “पण हे असं नको. तपासणी होईपर्यंत दोन्ही नावं राहतील. माझं खाली, तुमचं वर. दोनदा विचाराल तर मी दोनदा सांगेन. दहादा सांगेन.”

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मधल्या खोलीतून मशीनचा आवाज एकसारखा येत होता.

“तिला कळलं?”

“मी वाचून दाखवलं.”

“काय म्हणाली?”

सुनेनं खरं तेच सांगितलं. “म्हणाल्या, पाचशे लोकांना सांगितलं. मला सांगायला काय झालं होतं?”

सासरे उठले. खुर्चीच्या हाताला धरून थोडे थांबले, आणि मग मधल्या खोलीत गेले. सून जागची हलली नाही. तिला मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

“अगं,” सासरे म्हणाले, “मला आठवेनासं झालंय. परवा कोपऱ्यावरच्या दुकानातून येताना घरच सापडेना. तुला सांगायचं होतं, पण तुझ्या तोंडाकडं बघून सांगवेना. उद्या डॉक्टरकडं जायचंय. येशील?”

सासूबाईंनी मशीनवरची पँट बाजूला सारली.

“परवा नव्हे,” सासूबाई म्हणाल्या. “महिना झाला त्याला. बसा इथं. सगळं पहिल्यापासून सांगा मला.”